कॉन्वीचा तट : आत कोण, बाहेर कोण

किल्ला बघायला गेलेले जाणते भटके आधी दोन गोष्टी शोधतात : पाण्याची टाकी आणि शौचकूप. इथे माणसं खरोखर राहत होती का, किती राहत होती, हे या दोन गोष्टी बुरुजांपेक्षा खरं सांगतात. उत्तर वेल्समधल्या कॉन्वी गावाच्या तटाशी गेलात तर दुसरी गोष्ट शोधावी लागत नाही. गावाच्या दक्षिण अंगाला, मिल गेट नावाच्या वेशीजवळ, तटाच्या माथ्यावर बारा शौचकूप एका रांगेत भिंतीबाहेर डोकावतात. खाली मोकळी हवा आणि मग थेट जमीन. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही सोय पहारेकऱ्यांसाठी नव्हती. तटाला लागून आतल्या बाजूला इंग्लंडच्या राजाची फडणिशी होती. तिथल्या कारकुनांची आणि हिशेबनिसांची अडचण होऊ नये म्हणून ती केली होती.

लढाईसाठी बांधलेल्या भिंतीवर सगळ्यात ठळक दिसणारी गोष्ट कारकुनांची निघावी, यात गंमत आहे आणि एक जुना वादही आहे. हा तट नेमका कशासाठी होता? शत्रू अडवायला, हे उत्तर इतकं सरळ आहे की ते पुरेसं नसावं अशी शंका येते. गेल्या ऐंशी वर्षांत इतिहासकारांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. त्यांतली काही एकमेकांना छेद देतात, काही एकाच भिंतीच्या दोन बाजूंसारखी आहेत.

आधी भिंत बघू. लांबी सुमारे १.३ किलोमीटर, २१ बुरूज, ३ मूळ वेशी. उंची नऊ मीटरच्या आसपास, जाडी पावणेदोन मीटरच्या जवळपास, आणि आत सुमारे दहा हेक्टर जमीन. गावाचा आकार वेल्श हार्पसारखा आहे असं तिथले लोक सांगतात. नकाशा जरा तिरका धरला तर पटतंही. हार्पच्या एका कोपऱ्यात, नदीच्या मुखावर, आठ प्रचंड बुरुजांचा किल्ला आहे. ब्रिटनमध्ये गावाला तट असणं काही दुर्मीळ नव्हतं, दुर्मीळ आहे ते तट जवळजवळ अखंड उरणं. कॉन्वीला आजही फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, बरंच अंतर चालत जाता येतं. एका हाताला गावातल्या घरांची पाटीच्या दगडाची छपरं आणि परसातल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, दुसऱ्या हाताला टेकड्या.

आता जागा. डिसेंबर १२८२ मध्ये वेल्सचा राजपुत्र लुवेलिन अप ग्रिफिद मारला गेला आणि पुढच्या वर्षी उत्तर वेल्समधलं त्याचं ग्विनेदचं राज्य बुडालं. मार्च १२८३ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड कॉन्वी नदीच्या काठी आला. तिथे रिकामी जमीन नव्हती. सिस्टर्शियन साधूंचा मठ होता, आणि त्या मठात थोरल्या लुवेलिनला, म्हणजे लुवेलिन अप योरवर्थला, १२४० मध्ये मूठमाती दिलेली होती. ग्विनेदच्या राजघराण्याची ही पवित्र जागा. एडवर्डने साधूंना नदीच्या वरच्या अंगाला, माइननला नेऊन बसवलं. भरपाई दिली, नवा मठ बांधून दिला, सगळं रीतसर केलं. जुन्या मठाचं चर्च मात्र पाडलं नाही, त्याचं गावाचं चर्च केलं. ते आजही गावाच्या मधोमध आहे.

त्याहून बोलका पुरावा तटातच आहे. दक्षिणेच्या भिंतीत एका जागी जंग्या, म्हणजे बाण सोडायची भोकं, नाहीत, तीन खिडक्या आहेत. तटाला खिडक्या कशाला? ती वेल्श राजपुत्राच्या दिवाणखान्याची भिंत आहे. लुवेलिनचा दिवाणखाना म्हणून ओळखली जाणारी ही इमारत एडवर्डच्या गवंड्यांनी पाडली नाही, तिची बाहेरची बाजू तटात जोडून घेतली. १३१६ मध्ये तिचं लाकूडकाम उतरवून एडवर्डने वसवलेल्या दुसऱ्या गावाला, कार्नार्वनला नेलं आणि तिथे ते कोठारासाठी वापरलं. खिडक्या भिंतीत राहिल्या. जिंकलेल्याच्या बैठकीच्या खोलीतून आता जिंकणाऱ्याची भिंत तयार झाली होती. हा काटकसरीचा प्रकार होता की जाणूनबुजून केलेला अपमान? मला विचाराल तर दोन्ही. बांधकामाच्या जागेवर उभा असलेला तयार दगड कुणी गवंडी सोडत नाही, आणि राजा असला तर त्या दगडाचा अर्थही सोडत नाही.

बांधकाम ज्या वेगाने झालं तो आजही थक्क करतो. १२८३ ते १२८७ या चार-पाच हंगामांत किल्ला आणि तट मिळून काम जवळपास पुरं झालं. हंगाम म्हणायचं, कारण थंडीत चुन्याचं काम थांबे. उन्हाळ्यात कामावर दीड हजारापर्यंत माणसं असत. इंग्लंडच्या परगण्यापरगण्यांतून सुतार, गवंडी, खंदक खणणारे वेठीसारखे गोळा करायचे, चेस्टरला जमवायचे आणि पुढे धाडायचे. किल्ला आणि तट मिळून सुमारे १५,००० पौंड खर्च आला. एडवर्डच्या वेल्समधल्या सगळ्या बांधकामांचा आकडा ८०,००० पौंडांच्या घरात जातो. या युद्धांना इटलीतल्या लुक्का शहरातल्या रिकार्डी सावकारांनी पैसा पुरवला आणि तो इंग्लंडच्या लोकरीवरच्या जकातीतून फेडला गेला. कॉन्वीच्या भिंतीत दगड वेल्सचा, हात इंग्लंडचे, पैसा इटलीचा.

आणि डोकं? इथे पहिला वाद येतो. १९४० च्या दशकात जे. जी. एडवर्ड्स यांनी सरकारी हिशेबाच्या गुंडाळ्या पिंजून या किल्ल्यांचा खर्च मांडला. तोवर या भिंती म्हणजे सहलीला जायची ठिकाणं आणि दंतकथा होत्या, एडवर्ड्स यांनी त्यांचं ताळेबंदात रूपांतर केलं. १९५० मध्ये आर्नल्ड टेलर यांनी त्या हिशेबांतून एक माणूस बाहेर काढला : सेंट जॉर्जचा मास्टर जेम्स. हा आल्प्सच्या पायथ्याच्या सव्हॉय प्रांतातला. टेलर यांनी तिथे जाऊन भिंती तपासल्या. अर्धवर्तुळाकार कमानी, शौचकूपांची घडण, आणि भिंतीत चक्राकार चढत गेलेली परांचीची भोकं, म्हणजे बांधताना लाकडी पायवाट सरळ न नेता बुरुजाभोवती गोल फिरवत नेल्याची खूण. हे सगळं त्यांना सव्हॉयमध्येही सापडलं. पुढची पन्नास वर्षं मास्टर जेम्स हाच या सगळ्याचा शिल्पकार ठरला.

२००३ मध्ये निकोला कोल्डस्ट्रीम यांनी त्याला आडवा प्रश्न केला. जेम्स कामाचा मुख्य होता हे खरं, पण मुख्य म्हणजे आराखडा काढणाराच का? आजच्या भाषेत तो मोठ्या प्रकल्पाचा व्यवस्थापकही असू शकतो. पैसे, माणसं, दगड वेळेवर हलवणारा. कार्नार्वनला हेरफर्डचा वॉल्टर हा इंग्रज गवंडीप्रमुख वर्षानुवर्षं काम बघत होता, त्याचं श्रेय कुठे गेलं? मला कोल्डस्ट्रीम यांचा आक्षेप पटतो. टेलर यांचं संशोधन कमी पडलं म्हणून नव्हे, एका प्रतिभावंताच्या नावावर सगळं मांडण्याचा मोह आपल्याला फार लवकर होतो म्हणून.

बुरुजांकडे वळू. कॉन्वीच्या तटाचा बुरूज गावातून बघितला तर अर्धवट बांधून सोडल्यासारखा वाटतो. बाहेरून गोल, तगडा, पंधरा मीटरच्या जवळपास उंच. आतल्या बाजूला मात्र पाठच नाही, उभी चिरलेली नळी. हे पैसे वाचवायला केलं असं कुणी म्हणेल, आणि दगड वाचलाही असेल. पण मुख्य कारण वेगळं आहे. बुरुजाच्या दोन बाजूंची फांजी एकमेकांना लाकडी फळ्यांच्या पुलाने जोडलेली असे. शत्रू भिंतीवर चढला तर फळ्या ओढून घ्यायच्या. मग तो दोन बुरुजांमधल्या तुकड्यात अडकला. पुढे दरी, मागे दरी, आणि पाठ उघडी असल्यामुळे बुरुजाचा आडोसा करून बसायचीही सोय नाही, गावातून त्याच्यावर बाण सोडता येतात. तटभर जवळपास ४८० जंग्या आहेत. गावाच्या तटाला इतक्या जंग्या असणं असाधारण.

या जंग्या आणि फळ्या लक्षात ठेवायच्या, कारण दुसऱ्या वादात त्या साक्षीदार आहेत.

हा दुसरा वाद गेल्या तीस-चाळीस वर्षांतला. किल्ले आणि तट हे फक्त युद्धयंत्र नव्हेत, ते सत्तेचं बोलणं आहे, असं म्हणणाऱ्यांचा एक मोठा गट तयार झाला. कार्नार्वनचा दाखला ते देतात : तिथल्या किल्ल्याच्या भिंतीत वेगळ्या रंगाच्या दगडाचे आडवे पट्टे आहेत आणि बुरूज बहुकोनी आहेत. टेलर यांनीच दाखवलं होतं की हे कॉन्स्टँटिनोपलच्या तटासारखं आहे. वेल्श दंतकथेत रोमन सम्राट मॅक्सिमस त्या गावाशी जोडलेला, एडवर्डने ती दंतकथा दगडात उचलली. ऑलिव्हर क्रायटन आणि रॉबर्ट हायम यांनी २००५ मध्ये ब्रिटनभरच्या गावतटांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं असं की अनेक तट लढाई न बघताच जगले; ते गावाची हद्द, पत, जकात आणि मिरवण्याची हौस यांसाठी उभे राहिले. त्याच सुमारास कीथ लिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडवर्डने वसवलेल्या गावांचे रस्ते, भूखंड, तट यांचं नव्याने मोजमाप केलं. त्यातून हे स्पष्ट झालं की गाव, किल्ला आणि तट एकत्र आखलेले होते, तट म्हणजे गावाभोवती मागाहून घातलेलं कुंपण नव्हे.

या मंडळींमुळे समज खूप वाढली. पण कॉन्वीच्या बाबतीत ते थोडे पुढे जातात असं मला वाटतं. शोभेसाठी कुणी ४८० जंग्या खोदत नाही. सरकत्या फळ्यांचा पूल दुरून दिसत नाही, त्याने कुणावर छाप पडत नाही. ज्याने हा तट आखला त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर चढलेला माणूस होता.

मग तो माणूस कोण, आणि भिंतीच्या आत कोण? इथे कारकुनांचे शौचकूप परत आठवावेत. १२८४ मध्ये कॉन्वीला सनद मिळाली. सनदी गावचे रहिवासी, म्हणजे ज्यांना भूखंड, बाजार, जकातमाफी मिळाली ते, इंग्लंडमधून आणून बसवले, बरेचसे चेशर आणि लँकेशर भागातून. किल्लेदारच गावाचा महापौर. वेल्श माणसाला गावात जमीन घेता येत नसे, सनदी रहिवासी होता येत नसे, शस्त्र घेऊन आत येता येत नसे. माल विकायचा तर मात्र याच गावांच्या बाजारात यायचं, बाहेर विकायचा नाही. म्हणजे दिवसा वेशीतून लोणी, लोकर, गुरं घेऊन आत या, जकात भरा, संध्याकाळी बाहेर पडा. आपल्याकडे ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द ज्याने ऐकला आहे त्याला या व्यवस्थेची वेगळी फोड करून सांगायला नको.

‘वेल्श’ हा शब्दसुद्धा बाहेरच्यांनीच दिलेला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ परका. स्वतःला ते ‘कम्री’ म्हणतात, त्याचा अर्थ साधारण ‘आपल्या देशाचे, सोबतचे’. स्वतःच्या मुलखात परके ठरलेल्यांच्या बाजूने तट बघितला की तो उलटा दिसतो. आतून तो संरक्षण आहे, बाहेरून तो जकात नाका.

अँगलसी बेटावरच्या बोमारिसचं उदाहरण याहून कठोर आहे. तिथे जवळच लानव्हाइस नावाचं भरभराटीचं वेल्श बंदर होतं. १२९५ मध्ये किल्ला बांधायला घेतला तेव्हा तिथल्या लोकांना उचलून बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. ज्या गावात त्यांना बसवलं त्याचं नावच न्यूबरो, नवं गाव.

आता भिंत किती कामाला आली ते बघू. १२८४ च्या व्यवस्थेप्रमाणे कॉन्वीच्या किल्ल्यावर किल्लेदाराच्या हाताखाली लढाऊ माणसं ३०. त्यांतले १५ क्रॉसबोवाले, शिवाय एक पाद्री, लोहार, सुतार, गवंडी, हत्यारांचा कारागीर, आणि उरलेले पहारेकरी-द्वारपाल. वर्षाचा तनखा १९० पौंड. एकवीस बुरूज, तीन वेशी, एक किल्ला आणि तीस माणसं! याचा अर्थ तट राखायचा तर गावकऱ्यांनीच वर चढायला हवं. वसाहतीला आलेला माणूस भूखंडासाठी आला होता, पण भूखंडाबरोबर भिंतीवरचा पहाराही त्याच्या गळ्यात पडला.

पहिली परीक्षा १२९४ च्या शरदात झाली, कॉन्वीची नव्हे, कार्नार्वनची. फ्रान्समधल्या युद्धासाठी कर आणि माणसं दोन्ही मागितल्यावर मादोग अप लुवेलिनच्या नेतृत्वाखाली बंड उठलं. कार्नार्वनचा तट ७३४ मीटरचा, आठ बुरुजांचा. किल्ल्याच्या गावाकडच्या बाजूला मात्र दगडी भिंत पुरी झालेली नव्हती, तिथे खंदकावर आणि गावाच्या तटावर भिस्त होती. बंडखोरांनी तट ओलांडला आणि मग किल्ल्यातही शिरले. कर गोळा करणारा शेरीफ रॉजर डी पुलेस्टन मारला गेला. पुढच्या वर्षी गाव परत हातात आलं तेव्हा आधी तट दुरुस्त झाला, किल्ला नंतर. या दुरुस्तीवर जवळपास १,२०० पौंड गेले. किल्ल्यात राजा असतो, तटात गाव असतं. गाव गेलं तर किल्ल्यात बसून काय राखायचं, हे तेवढ्यात कळलं होतं.

त्याच हिवाळ्यात एडवर्ड स्वतः कॉन्वीत अडकला. नदीला पूर, मागचं सैन्य पलीकडच्या तीरावर, रसद वाटेतच लुटलेली. एका बखरकाराने लिहून ठेवलंय की वाइनचं एकच छोटं पिंप उरलं होतं आणि राजाने ते एकट्याने प्यायला नकार दिला. गोष्ट खरी असो नसो, तट टिकला आणि समुद्राच्या वाटेने मदत आली.

दुसरी परीक्षा अधिक लाजिरवाणी. १ एप्रिल १४०१, गुड फ्रायडे. इंग्रज राजवटीविरुद्ध ओवाइन ग्लिनदूरचं बंड पेटलेलं. किल्ल्याची शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेली होती, दारावर दोघं. कामासाठी आलेल्या सुताराच्या मिषाने एक माणूस आत शिरला, त्याने दोघांना गारद केलं आणि ग्विलिम आणि ऱ्हिस अप ट्यूडर हे भाऊ चाळीसेक माणसांनिशी आत घुसले. एडवर्डने एवढा पैसा ओतलेली जागा एका सुताराच्या पिशवीने घेतली. त्यांनी किल्ला जवळपास तीन महिने धरला. शेवटी माफीच्या बोलीवर सोडला, आणि त्या बोलीत आपल्याच काही साथीदारांना फाशीसाठी हवाली केलं. हे दोघे भाऊ पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या सातव्या हेन्रीच्या पणजोबांचे सख्खे भाऊ. बाहेरची माणसं आत यायला पिढ्या लागतात, पण येतात.

वेल्शांवरचे निर्बंध मात्र या बंडानंतर आणखी आवळले गेले. कायद्याच्या पुस्तकातून ते पुरते निघाले ते १६२४ मध्ये. व्यवहारात त्याआधीच वेल्श नावं गावांत शिरली होती. कॉन्वीतलं सगळ्यात देखणं घर, प्लास मावर, एलिझाबेथच्या काळात बांधलं ते रॉबर्ट विन या वेल्श सरदाराने, तटाच्या आत, भर पेठेत.

तिसरी परीक्षा इंग्लंडच्या राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धातली. ऑगस्ट १६४६ मध्ये संसदेच्या बाजूचा सेनानी मिटन याने गाव घेतलं, किल्ला नोव्हेंबरमध्ये पडला. मिटनला मदत कुणाची? जॉन विल्यम्सची. यॉर्कचा हा आर्चबिशप जन्माने कॉन्वीचा. आधी राजासाठी किल्ला लढवायला सज्ज केलेला, मग राजाच्या किल्लेदाराशी बिनसलेला. म्हणजे पुन्हा आतलाच माणूस. या तीन प्रसंगांवरून मला एवढंच दिसतं की तटाचा दगड कधीच कमकुवत ठरला नाही. कमी पडली ती त्यावर उभं राहायची माणसं, त्यांचा पगार, आणि दाराआडच्या माणसांची निष्ठा. प्रतीक की शस्त्र असा वाद घालणारे या तिसऱ्या बाजूकडे कमी बघतात. तट ही रोज खर्च मागणारी गोष्ट आहे.

खर्चाचं निघालंच आहे तर वेल्समधल्या इतर तटांकडे एक नजर टाकायला हवी, कारण कॉन्वी हा नियम नव्हे, अपवाद आहे. तिथे सगळा पैसा राजाचा. इतरत्र बहुतेक गावं तटासाठी वेशीवर येणाऱ्या मालावर पट्टी बसवत, तिला म्युरेज म्हणत. दक्षिणेत समुद्रकाठच्या टेन्बीला असं हक्कपत्र १३२८ मध्ये मिळालं. शंभरावर वर्षांनी, १४५७ मध्ये, जॅस्पर ट्यूडरने तिथल्या व्यापाऱ्यांशी खर्च वाटून घ्यायचा करार केला, तट उंच केला, फांजी रुंद केली, खंदक तीस फुटांचा केला. जॅस्पर म्हणजे १४०१ मध्ये कॉन्वी फसवून घेणाऱ्या त्या दोघा भावांच्या भावाचा नातू. १४७१ मध्ये हाच जॅस्पर पुतण्याला, भावी सातव्या हेन्रीला, घेऊन टेन्बीहून जहाजाने निसटला. टेन्बीच्या तटावर १५८८ हे साल कोरलेला दगडही आहे, स्पॅनिश आरमाराच्या धास्तीने केलेल्या डागडुजीचा.

चेपस्टोचा तट, पोर्ट वॉल, १२७० च्या दशकात सरदार रॉजर बिगॉडने बांधला. त्याच्या आतल्या जमिनीचा बराच भाग वस्तीने कधी भरलाच नाही, तिथे बागा आणि शेतं होती. वेशीवर जकात, बंदरावर नजर, आणि सरदाराची ऐट. प्रतीकवाद्यांचा मुद्दा इथे सोळा आणे लागू पडतो.

डेनबीचा प्रकार वेगळाच. हेन्री डी लेसीने १२८० च्या दशकात उंच टेकडीवर किल्ला आणि तटबंद गाव बांधलं. जागा लढायला उत्तम, राहायला वाईट. पाणी अपुरं, चढ फार. लोक हळूहळू तटाबाहेर, उतारावर बाजाराजवळ राहायला गेले, आणि तटाच्या आतलं गाव ओस पडलं. कॉन्वी, टेन्बी, चेपस्टो, डेनबी ही चारही गावं एकाच देशातली, आणि तट या एका शब्दाचे चार अर्थ. सरसकट सिद्धांत मांडणाऱ्याने आधी डेनबीची टेकडी चढून यावं.

लढाया संपल्यावर तटांचा शत्रू बदलला. भिंतीला टेकून घरं उभी राहिली, बुरुजांत कोठारं झाली, माथ्यावर आयव्ही वाढली. मग रस्ते आले. १८२६ मध्ये थॉमस टेलफर्डचा झुलता पूल किल्ल्याच्या पायथ्याशी उतरला आणि त्याचा रस्ता गावातून गेला, त्यासाठी तटात नवी वाट फोडली. १८४८ मध्ये रॉबर्ट स्टीफन्सनची रेल्वे आली. तिने तट पार करताना बेधडक खिंडार न पाडता मध्ययुगीन वाटेल अशी टोकदार कमान केली, आणि नदीवरच्या तिच्या नळीच्या आकाराच्या पुलाच्या तोंडाशी बुरूजवजा मनोरे उभे केले. काहींना हा नकलीपणा वाटतो. मला तो संकोच वाटतो, आणि रेल्वेला संकोच वाटला हे काही कमी नाही. टेन्बीला एकोणिसाव्या शतकात नगरपालिकेला फाइव्ह आर्चेस ही वेस रहदारीला अडचण म्हणून पाडायची होती, एका स्थानिक डॉक्टरने न्यायालयात जाऊन ती वाचवली. कॉन्वीतून जाणाऱ्या वाहनांचा लोंढा मात्र कमानींना झेपणारा नव्हता. १९९१ मध्ये नदीमुखाच्या तळाखालून बोगदा सुरू झाला आणि गावाने श्वास घेतला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर भिंतीला चिकटलेल्या बऱ्याच इमारती हटवल्या, आणि तट पुन्हा दिसू लागला.

१९८६ मध्ये कॉन्वी, कार्नार्वन, बोमारिस आणि हार्लेख यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. यादीतल्या नावातच ‘किंग एडवर्ड’ आहे. ग्विनेदच्या राजपुत्रांनी स्वतः बांधलेले डोलविदेलनसारखे किल्ले त्या यादीत नाहीत. वेल्सच्या वारशाची देखभाल करणाऱ्या सरकारी विभागाचं नाव ‘कादू’, वेल्श भाषेत त्याचा अर्थ राखणे, सांभाळणे. जिंकणाऱ्याच्या भिंती जिंकले गेलेल्यांच्या पैशातून, त्यांच्या भाषेतलं नाव लावून राखल्या जातात. अठराव्या शतकातला वेल्श प्रवासी टॉमस पेनंट कार्नार्वनचा किल्ला बघून दिपला होता, आणि त्याच दमात त्याला तिथे आपल्या लोकांची गुलामीही दिसली होती. त्याची ती दुभंगलेली नजर आजही जुनी झालेली नाही. २०१७ मध्ये फ्लिंटच्या किल्ल्यापाशी एक अवाढव्य लोखंडी कडं कलाकृती म्हणून उभारायचं ठरलं. एडवर्डच्या किल्ल्यांच्या साखळीला इतिहासात ‘लोखंडी कडं’ म्हणतात, त्यावरून ती कल्पना. लोक संतापले, विरोधी अर्जावर दहा हजारांवर सह्या झाल्या आणि काही आठवड्यांत योजना गुंडाळली. किल्ला बघायला जाणं वेगळं, किल्ल्याचा जयजयकार करणं वेगळं, हा भेद तिथल्या लोकांना नेमका कळतो.

तटाच्या आत कोण, या प्रश्नाचं आजचं उत्तर कार्नार्वनला ऐकू येतं. ज्या गावात वेल्श माणसाला घर घेता येत नव्हतं तिथे आज दहातली आठ माणसं वेल्श बोलतात, सबंध वेल्समध्ये इतकी दाट वेल्श बोलणारी गावं थोडी. तटाच्या आतल्या अरुंद गल्ल्यांत दुकानदार आणि गिऱ्हाईक वेल्शमध्येच भाव करतात, इंग्रजी पर्यटकांसाठी.

कॉन्वीत तसं नाही, तिथे इंग्रजी जास्त. पण तटाच्या आत जन्मलेल्या माणसाला तिथे एक खास नाव आहे : जॅकडॉ. जॅकडॉ म्हणजे करड्या मानेचा लहान कावळा, तटाच्या भोकाभोकांत त्याची घरटी असतात. आता बाळंतपणं इस्पितळात होतात आणि तसं इस्पितळ तटाच्या आत नाही, त्यामुळे माणसांतले जॅकडॉ संपत आले आहेत. पक्ष्यांची ददात नाही. संध्याकाळी ते टेकड्यांकडून थव्याने परततात आणि बुरुजांच्या उघड्या पाठीतून खुशाल आत-बाहेर करत राहतात.